उंबरठे काढलेलं घर

वहिनी, तुमच्या घरातले सगळे उंबरठे मी काढून टाकले, आणि त्याच आठवड्यात तुमचं चालणं अडलं.

हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. पुढं कधीतरी सांगीन म्हटलं तर मी गोष्ट रंगवत नेईन आणि ऐनवेळी दोष मिस्त्रीवर ढकलीन. माझी सवय तुम्हाला माहीत. बाळापूरकडचा एक रस्ता माझ्या देखरेखीखाली झाला आणि पहिल्याच पावसात खचला, तेव्हा मी तुमच्याकडे जेवायला बसून पावसाला शिव्या देत होतो. तुम्ही भाकरी वाढता वाढता म्हणालात, "पाऊस तं दरसाल पडते भाऊजी. रस्ता यंदाच बांधला होता."

तुम्हाला जाऊन पुरता महिनाही झाला नाही. लोक विचारतात, आठवण येते का. येते, पण माझं असं आहे की रडू येण्याच्या आधी प्रश्न येतात. जे फक्त तुम्हालाच विचारता आले असते असे. पाय जमिनीला चिकटतो तेव्हा नेमकं काय होतं? आधी पाय थांबतो की आधी मन थांबतं? आणि सुटतो तेव्हा कोण सोडवतं त्याला? मी इतके वेळा समोर उभा होतो, हात पुढं करून, आणि विचारायचं सोडून "चला वहिनी, डावा, उजवा, डावा" असं कवायतीच्या मास्तरासारखं ओरडत होतो.

एकदा मात्र तुम्हीच सांगितलं होतं. "पाऊस पडल्यावर वावरात गेलं का काळी माती कशी पायाले धरते? पाय उचलाले जावं तं जमीनच संगं येते. तसं." मी म्हणालो, पण वहिनी, इथं तर शहाबादी फरशी आहे. "तेच तं," तुम्ही म्हणालात, "मले दिसते फरशी. पायाले लागते माती."

सुरुवात तुमच्या उजव्या हातापासून झाली. टीव्हीसमोर बसलात की तुमचा अंगठा बोटांवर फिरत राहायचा, एकसारखा, जणू वाती वळताय. मला खरंच वाटलं की वाती वळताय. म्हणून मी म्हणालो, "वहिनी, कापूस तरी घ्या हातात." तुम्ही हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढं डॉक्टरांनी कंपवात म्हटलं, पार्किन्सन्स म्हटलं, तेव्हा मला तो कापूस आठवला.

पण तुमचं त्या हाताशी जे चालायचं ते मला अजून गमतीचं वाटतं. मांडीवर ठेवला की थरथरायचा, आणि पिठाचा गोळा घेऊन भाकरी थापायला लागलात की बऱ्यापैकी गप्प. मी विचारलं हे कसं काय. तुम्ही म्हणालात, "रिकामा बसला का थरथरते, कामाले लावला का गुमान राहते. तुमच्यासारखंच आहे त्याचं, रिटायर झाल्यापासून."

ते खरं होतं. बांधकाम खात्यातला ओव्हरसियर निवृत्त झाला की त्याला घरातला प्रत्येक नळ वाकडा दिसतो. अकोल्यात माझ्या बायकोनं, मालतीनं, मला स्वयंपाकघरात यायची बंदी केली होती. आणि अशा वेळी तुमचा संजू पुण्याहून आला, आपल्या दोघांना समोर बसवलं आणि म्हणाला, "काका, बाबा गेल्यापासून आई एकटी राहतेय ते मी चालवून घेतलं. आता नाही. एकदा जरी पडली ना, तर दुसऱ्या दिवशी मी तिला पुण्याला घेऊन जाणार."

"अन् पडलीच नाही तं?" तुम्ही विचारलं.

"नाही पडलीस तर राहा."

झालं, एवढाच करार. तो झोपायला गेल्यावर मी म्हटलं, पुण्यात काय वाईट आहे वहिनी, मुलगा आहे, सून आहे, लिफ्ट आहे. तुम्ही मागच्या दाराकडे पाहत होतात. "बाराव्या माळ्यावर कोनाच्या भिताडावरून बोलू मी?"

मागच्या दाराबाहेर ती कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे नसीमआपांचं घर. त्यांचं शिलाई मशीन खिडकीखाली. दुपारी मशीन थांबलं की तुम्ही निघायचा: बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर, मागचं दार. मग भिंतीच्या दोन्ही बाजूंनी तुमचा बाजार भरायचा. कोणाच्या ब्लाउजची बाही उतरली इथपासून तुमच्या माहेरच्या, वरुडच्या संत्र्याला यंदा बहार कसा आहे इथपर्यंत. तुम्हाला काय हवं होतं ते मला त्या दिवशी समजलं. घर नको होतं. त्या दारापर्यंत आपल्या पायानं जायचं होतं.

मी संजूला फोनवर सांगितलं, घराचं माझ्यावर सोड.

मग मी सकाळच्या गाडीनं अकोल्याहून बडनेऱ्याला उतरायचो, तिथून ऑटो, आणि तुमच्या दारात टेप, थैली, हातोडी घेऊन हजर. पहिल्या काही गोष्टी बरोबर केल्या, हे नसीमआपाही मान्य करतील. पायपुसणी उचलली. मधल्या खोलीतली कडा दुमडलेली सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. दिव्याचं बटण पलंगाजवळ आणलं. तुम्हाला वास येईनासा झाला होता. दूध करपून घरभर धूर झाला तरी तुम्ही शेजारी बसून मेथी निवडत होतात. म्हणून गॅस गळला की ओरडणारं एक यंत्र बसवलं. ते फोडणीलाही ओरडायचं. तुम्ही त्याला "सासूबाई" म्हणायचा.

पलंग उंच असला की उठायला सोपं जातं असं मी कुठंतरी वाचलं होतं. किती उंच ते वाचलं नव्हतं. पायांखाली विटा रचल्या. तुम्ही पलंगाच्या काठाशी उभ्या राहून म्हणालात, "भाऊजी, घोड्यावर बसवता का मले?" विटा काढल्या. मग एकेक थर ठेवून तुम्हाला बसवून पाहिलं, पाय टेकतात का पाहिलं. आधीच बसवून पाहिलं असतं तर माझी पाठ वाचली असती.

आणि न्हाणीघरातला दांडा. भिंतीला धरायला काहीतरी पाहिजे, म्हणून मी चकचकीत स्टीलचा दांडा आणला, छोट्या स्क्रूंनी बसवला, आणि भक्कम आहे हे तुम्हाला दाखवण्यासाठी स्वतः त्याला लोंबकळलो. पुढचं तुम्ही पाहिलंत. दांडा माझ्या हातात, मी फरशीवर, मनगट वाकडं. आख्ख्या घरात पडू नये म्हणून एवढा खटाटोप, आणि पडलो फक्त मी. तुम्ही दारात उभ्या होतात. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. काहीतरी पुटपुटलात, तुमचा आवाज तेव्हाच बारीक व्हायला लागला होता, म्हणून मी पडल्या पडल्या कान पुढं केला. "टॉवेलचा दांडा आहे तो," तुम्ही म्हणालात. "टॉवेल टिकला असता त्याच्यावर."

त्या दिवशी मला वाईट वाटलं ते मनगटाचं नाही. तुम्ही हसला नाहीत त्याचं. वहिनी, लग्न होऊन तुम्ही आलात तेव्हा मी हाफपँटमध्ये होतो आणि तेव्हापासून माझा एकच धंदा, तुम्हाला हसवणं. दादा गंभीर माणूस, घरात तुमच्या हसण्याला गिऱ्हाईक मी एकटा. आणि आता मी एवढा सोन्यासारखा पडलो तरी तुम्ही दगडासारख्या. मला वाटलं रागावल्या आहात. म्हणून नंतरचे कितीतरी दिवस मी तेच तेच किस्से मोठ्या आवाजात सांगत होतो, जसा कमी ऐकू येणाऱ्याला माणूस ओरडून सांगतो. शेवटी एक दिवस तुम्ही म्हणालात, "भाऊजी, ओरडू नका. मी हसून राहिली."

"कुठं?"

"आतून निघालं आहे हसू. आता बडनेऱ्यापर्यंत आलं असंन."

नंतर डॉक्टरांकडून कळलं की ह्या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, माणूस रागीट दिसतो, नसतो. कोणी मला हे आधी सांगितलं असतं तर? तरी मी ओरडलोच असतो म्हणा.

आता उंबरठे.

माझं आयुष्य वहिनी, सपाट करण्यात गेलं. उंचवटा दिसला की माझा हात शिवशिवतो. तुमच्या घरात दारोदार सागवानी उंबरठे. दादांनी घर बांधताना परतवाड्याहून लाकूड आणलं होतं, त्यातले. म्हातारं माणूस, पाय घासत चालणारं, आणि प्रत्येक दारात अडथळा. ह्याहून उघड गोष्ट कोणती? तुम्हाला विचारायची मला गरजच वाटली नाही. तुम्ही डोळे दाखवायला मालतीबरोबर गेला होतात, तेवढ्यात मिस्त्रीला घेऊन मी सगळे उखडले. खाचा सिमेंटनं भरल्या. आणि माझ्यातला कलाकार जागा झाला म्हणून सिमेंटमध्ये काळा रंग कालवला, फरशीशी असा मिळवला की जोड कुठं आहे ते दिसू नये. मागच्या दारापाशी येईपर्यंत रंग संपला, तिथं तेवढा पांढुरका पट्टा राहिला. मी मिस्त्रीला म्हटलं, तो उद्या बघू.

तुम्ही परत आलात, बैठकीतून मधल्या खोलीत जायला निघालात, आणि दारात थांबलात. पाय जागच्या जागी थरथरले, पुढं पडेनात. मी म्हटलं, चला, आता तर काही अडथळाच नाही. तुम्ही एकदा खाली पाहिलंत आणि म्हणालात, "उंबरठा कुठी गेला?" मी अभिमानानं सांगितलं. तुम्हाला माझ्या दंडाला धरून आत यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. प्रत्येक दारात पाय फरशीला शिवून टाकल्यासारखे. मी काय ठरवलं सांगू? ठरवलं की आजार वाढला. स्वतःच्या हातानं केलेल्या कामात दोष असू शकतो हे शेवटी सुचणारा मी माणूस. गोळीची वेळ चुकली का बघितलं, चपला बदलल्या, संजूला फोन करून सांगितलं की आईचं चालणं एकदम बिघडलं. तो म्हणाला, "संक्रांतीला येतो. ह्या वेळी तिला घेऊनच जातो. पडायची वाट नाही पाहणार." फोन स्पीकरवर होता. तुम्ही ऐकलं. त्या दुपारी मशीन थांबलं तरी तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत. नसीमआपांनी भिंतीवरून हाक मारली, "वच्छलाबाई, ओ वच्छलाबाई, बहिऱ्या झाल्या का?" तुम्ही मला खूण केली, सांगा झोपल्या म्हणून.

मी खोटं सांगून आलो आणि तिथंच, मधल्या खोलीत जमिनीवर बसलो. मला राहून राहून एक गोष्ट खटकत होती. मागच्या दारी तुम्ही अडत नव्हता. मी धरून स्वयंपाकघरापर्यंत आणलं की त्या शेवटच्या दारातून तुम्ही सटकन बाहेर. मी समजत होतो की नसीमआपांची ओढ. पण मग परतीच्या वाटेवरही त्या दारात नाही अडत, आणि त्यानंतरच्या दारात अडता, हे काय? आजार दारं निवडतो का?

"वहिनी," मी म्हटलं, "जरा चालून दाखवता का? मी नाही धरणार. मला फक्त तुमचे पाय बघायचे आहेत."

"जन्मभर पाह्यले ना माहे पाय," तुम्ही म्हणालात, पण उठलात. भिंतीला एक हात लावून तुम्ही निघालात. मी मागून रांगत. पहिल्या दारात अडलात. दुसऱ्यात अडलात. मागच्या दारात आलात, पांढुरक्या पट्ट्याजवळ क्षणभर थांबलात, आणि उजवा पाय चांगला उचलून पलीकडे ठेवला. मग डावा. जणू तिथं उंबरठा होता.

मी जमिनीवरूनच विचारलं, "पाय काहून उचलला इथं?"

तुम्ही विचार केला. मला आवडायचं ते, तुम्ही विचार करून बोलायचा. "लगन होऊन आली त्या दिवशी तुमच्या मायनं सांगतलं होतं, उंबरठ्यावर पाय द्याचा नाई, ओलांडून याचं. तवापासून उंबरठा दिसला का पाय आपोआप उचलते. मी नाई उचलत. तोच उचलते." मग त्या पट्ट्याकडे बोट केलं. "हे उंबरठ्यावानी दिसते. बाकी तुमी सारं एकसारखं करून ठेवलं. खोली कुठी संपली ते पायाले कसं समजाव?"

वहिनी, मी त्या वेळी एकदम गप्प झालो हे तुम्हाला आठवत असेल, कारण त्यानंतर तुम्ही विचारलंत, "तब्येत बरी आहे ना भाऊजी?"

रांगोळीची कल्पना तुमचीच. देव्हाऱ्याखालचा डबा मला काढायला लावला आणि मधल्या दारात आडवी रेघ ओढायला सांगितली. "रांगोयीवर पाय देईन का मी? जीव गेला तरी नाई देनार." मी चिमटीतून रेघ ओढली. तुम्ही आलात. थांबलात. माझा श्वास अडकला, तुमचा पाय नाही. उचलला आणि ओलांडला. मग पुन्हा उलट्या बाजूनं ओलांडला, आणि मग फक्त मजा म्हणून तिसऱ्यांदा. आमच्या आईनं केव्हातरी नव्या सुनेला सांगितलेली एक गोष्ट तुमच्या पायात इतकी खोल बसली होती की आजाराला तिथवर पोचता आलं नव्हतं. हे मला आजही कोडं वाटतं. माझ्या पायात असं कोणी काय ठेवलं आहे, कोण जाणे.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं बऱ्याच जणांत दिसतं, सगळ्यांत नाही. सपाट जागेवर आपसूक पडणारं पाऊल ह्या आजारात अडतं, विशेषतः दारात आणि वळताना. पण समोर ओलांडायला खूण दिसली की मेंदू वेगळ्या वाटेनं पाय चालवतो. काही जण म्हणून जिना चढतात आणि बैठकीत अडतात. मग म्हणाले, "उंबरठे काढले ते चूक नाही, कधीतरी बोट अडकून पडल्याच असत्या. पण काढायच्या आधी त्यांना चालून दाखवायला सांगितलं होतं का?" मी विषय बदलला.

रांगोळीची भुकटी पायाखाली घसरते, म्हणून रंग हवा होता. मी पांढरा ऑइलपेंट आणला आणि निसरडा होऊ नये म्हणून त्यात बारीक रेती मिसळली. एवढं एक ज्ञान माझ्याकडे खात्यातून आलं होतं. फक्त दारांतच कशाला, मी म्हटलं, सगळ्या वाटेवर मारू, बैठकीपासून मागच्या दारापर्यंत. खडूनं आखणीही केली. तुम्ही पहिल्या रेघेवरून दुसरीकडे पाहिलं आणि म्हणालात, "हे ढांग तुमची आहे. माही नाई." खडू पुसला. मग तुम्ही चाललात, आणि तुमचं पाऊल जिथं पडेल तिथं मी बसून खूण करत गेलो. न्हाणीघराकडे वळताना तुम्ही गर्रकन वळायला जायचा आणि तिथंच तोल जायचा, म्हणून तिथं रेघा गोलाकार काढल्या, हातपंख्याच्या काड्यांसारख्या, की हळूहळू फिरत वळावं. भिंतीत यावेळी खरा, बोल्टवाला दांडा बसवला. त्याला लोंबकळलो नाही.

रंग वाळत असताना नसीमआपा मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "या अल्ला. घरात चौकच करून टाकला. आता सिग्नल कवा लावता भाऊ?"

"तुमी मधात नका येजा," तुम्ही आतून म्हणालात, "चालान फाडतीन."

संजू संक्रांतीला आला तो रिकामी मोठी बॅग घेऊनच. तुमचे कपडे भरायला. दारात उभा राहिला आणि फरशीकडे पाहत राहिला. तुम्ही त्याला बसायलाही सांगितलं नाही. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठलात, आणि निघालात. मी भिंतीशी चिकटून. माझ्या मनात जे चाललं होतं ते रस्त्याच्या उद्घाटनाला मंत्र्याची गाडी येताना चालतं तसं: खचू नको, खचू नको. एक रेघ, दुसरी रेघ. मधल्या दारात थांबलात. संजू पुढं सरकला, मी त्याचा शर्ट धरला. तुम्ही पाय उचलला. मधली खोली, स्वयंपाकघर, मागचं दार. बाहेर जाऊन भिंतीला हात टेकून त्या बारीक आवाजात तुम्ही म्हणालात, "नसीम, संजू आला, पाह्य. तिळगूळ घेऊन जा."

संजू बॅगेवर बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "पण काका, एकदा जरी पडली..."

"हाव रे," बाहेरून तुमचा आवाज आला. "मालूम आहे."

त्यानंतर तुम्ही राहिलात. सगळे दिवस चांगले नव्हते, मी इथं खोटं लिहिणार नाही. गोळीचा अंमल उतरला की रेघांनाही पाय ऐकत नसे, मग आपण गोळी चढेपर्यंत बसून राहायचो. पुढं पुढं घासही हळू उतरायला लागला. मधल्या काळात आपलं एक भांडण मात्र जे लागलं ते लागलंच. तुम्हाला पुढच्या दाराचा उंबरठा परत हवा होता. "बाकीचे राहू द्या. तो एक बसवा. घराले तोंड नाई राहिलं." मी म्हणायचो, वहिनी, पाय अडकेल. तुम्ही म्हणायचा, मी कुठी जाते पुढच्या दारानं, मी तं मागच्या दारानं जाते. मी म्हणायचो, बघू. तुम्ही म्हणायचा, "बघू म्हंजे नाई." मी दर खेपेला गाडीत बसून तुमच्याविरुद्ध नवा मुद्दा शोधायचो. अजूनही सुचतात. परवा एक चांगला सुचला आणि मी वाक्य जुळवून पूर्ण केलं, तोवर बडनेरा आलं. मग कळेना उतरावं कशाला.

तुम्ही पडून गेला नाहीत. छातीत कफ झाला, दवाखान्यात ठेवलं, आणि तिथून फक्त तुमचा देह घरी आला. तुम्हाला पुढच्या दारानं नेलं. चार माणसं खांद्यावर घेऊन निघाली, मी एका कोपऱ्याशी होतो, आणि वहिनी, त्या सपाट दारातून कोणीच अडखळलं नाही. त्या क्षणी, रडता रडता, माझ्या डोक्यात आलं की काम चांगलं झालं होतं. असा मी आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर हसू निघालं असतं, कुठंतरी वाटेत असतं.

तुम्हाला सांगायचं राहिलं ते एवढंच, की त्या रेघा मारायच्या दिवसांत मी फार सुखात होतो. आजारी माणसाच्या घरात असं बोलणं बरं दिसत नाही म्हणून बोललो नाही. दुपारभर तुमच्या पावलांच्या मागं रांगताना मला पहिल्यांदा असं वाटलं की मी एखादी वाट अशी बांधतोय, जिच्यावरून कोण जाणार ते मला ठाऊक आहे.

गेल्या रविवारी संजूनं घर बंद करायला मला बोलावलं. खुर्च्यांवर चादरी घातल्या, गॅस काढला, तुमच्या सासूबाईंना, म्हणजे त्या ओरडणाऱ्या यंत्राला, भिंतीवरून उतरवलं. नसीमआपा आमच्यासाठी चहा घेऊन आल्या आणि मागच्या दारात टेकून उभ्या राहिल्या. संजूनं चहा घेतला, पण प्यायला नाही. तो तुमच्यावर गेला आहे, आधी विचार करतो.

"काका, खरं सांगा," तो म्हणाला. "आईला इथं ठेवलं ते आपण बरोबर केलं का? माझ्याकडे असती तर डॉक्टर जवळ, माणसं जवळ. कदाचित अजून..."

मला वाटलं, आता मोठ्या माणसासारखं बोललं पाहिजे. मी घसा खाकरला. म्हटलं, हे बघ संजू, वहिनींना इथं ठेवायचं की नाही हा निर्णय घेताना मी सगळ्या बाजूंनी विचार केला होता, घराची तपासणी केली होती, धोका किती ते पाहिलं होतं, आणि मगच आपण त्यांना इथं...

"ठेवनारे तुमी दोघं कोन जी?" नसीमआपा म्हणाल्या. "राह्यल्या त्या, त्यायच्या मर्जीनं. तुमी तं नुसती फरशी खराब केली."